वनस्पतिचित्रातील भूमी आणि नाम : दापुरीचा अनामिक चित्रकार व मॅरिॲन नॉर्थ

वनस्पतीचे चित्र हा विषय मराठी कलासमीक्षेच्या कक्षेत क्वचितच आला आहे. कलासमीक्षकाने ते शास्त्राचे साधन म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवावे आणि वनस्पतिशास्त्रज्ञाने, वाळवलेला नमुना हाताशी असताना चित्राचे प्रयोजन काय, असे म्हणून ते कपाटात ठेवून द्यावे, अशी या चित्रांची आजवरची वाटचाल आहे. दोन घरच्या पाहुण्याची जी गत होते तीच त्यांची झाली. या उपेक्षेची झळ केवळ कलेच्या इतिहासाला लागली असती तर त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नव्हते. परंतु ती भाषेलाही लागली आहे. महाराष्ट्रातील एका बागेत पावणेदोनशे वर्षांपूर्वी निघालेली चित्रे, त्याच सुमारास त्याच टापूत गोळा होत असलेले मराठी शब्द आणि त्याच काळात लिहिली गेलेली वनस्पतींची वर्णने यांची एकमेकांशी गाठच पडली नाही. ती का पडली नाही, आणि पडली असती तर काय साधले असते, हा प्रश्न चित्रांच्या रेखा-रंगांपासून वेगळा काढता येत नाही. चित्रात काय दाखवावयाचे आणि काय गाळावयाचे, याच्या निर्णयातच त्याचे मूळ आहे.

प्रथम दापुरीचा वृत्तान्त. पुण्यानजीक पवनेच्या काठी असलेले हे गाव आज दापोडी या नावाने औद्योगिक वस्तीत मिसळून गेले आहे. पेशवाईच्या अखेरीस कॅप्टन फोर्ड याची पलटण येथे होती; १८१७ च्या खडकीच्या लढाईत ती येथूनच चालून गेली. त्याच फोर्डचा बंगला १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतला आणि पावसाळ्यातील निवासस्थान म्हणून त्याचा उपयोग सुरू झाला. बंगल्याच्या आवारात वनस्पतिउद्यान उभे राहिले. १८३८ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश शल्यवैद्य त्याचा अधीक्षक झाला. जुन्नरजवळील हिवरे येथील औषधी वनस्पतींची बागही त्याच्याच देखरेखीखाली होती, आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणूनही त्याची नेमणूक झाली. १८४७ ते १८५० या अवधीत त्याने एका चित्रकाराकडून बागेतील वनस्पतींची चित्रे करून घेतली. अशी सुमारे १७० चित्रे एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात आहेत. ती सुसंगतपणे प्रथम प्रकाशात आली ती २००२ मध्ये, हेन्री नोल्टी यांच्या ग्रंथामुळे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढी त्याची ओळख शिल्लक आहे. नाव नाही. बंगला पुढे विकला गेला, गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाऊस बांधले गेले आणि तीच वास्तू कालांतराने पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. म्हणजे विद्यापीठाच्या वंशवृक्षात ही बाग पणजीच्या नात्याने येते. पणजीचे दागिने मात्र परदेशी राहिले.

ही चित्रे ज्या परंपरेत बसतात तिचा मुख्य संकेत म्हणजे कोरा कागद. जलरंगांत उतरवलेली फांदी, तिच्यावरील पाने, फुले, कधी फळ. आणि सभोवती काहीच नाही. माती नाही, आकाश नाही, सावलीही नाही. कंपनीच्या काळात कलकत्त्यापासून मद्रासेपर्यंत हिंदी चित्रकारांनी युरोपीय वैद्यांसाठी जी हजारो वनस्पतिचित्रे काढली त्या सर्वांत हा संकेत कमीअधिक पाळलेला आढळतो. त्याकडे दारिद्र्य म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. ती एक पद्धती आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला ती फार परिचयाची वाटावी. व्याकरणात नामाची विभक्तिसारणी दिलेली असते. प्रथमेपासून संबोधनापर्यंतची सारी रूपे एकाखाली एक मांडलेली असतात. पण कोणीही मनुष्य ती सारणी बोलत नाही. कोणत्याही एका वाक्यात त्यांतील एखादेच रूप येते. सारणी खोटी नसते. ती कोठेच एकत्र न आढळणाऱ्या सत्यांची मांडणी असते. वनस्पतिचित्रही असेच घडते. कळी, उमललेले फूल आणि पिकलेले फळ ही एकाच फांदीवर एकाच दिवशी सहसा भेटत नाहीत. चित्रकार महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने पाहिलेल्या अवस्था एका देठावर आणून बसवतो. लांबलचक फांदी कागदात मावत नाही म्हणून तो ती वाकवतो, तरी तिचे वळण वनस्पतीच्या प्रकृतीला सोडून जाऊ देत नाही. पानाची वरची बाजू दाखवावयाची तशी खालचीही दाखवावी लागते. म्हणून एखादे पान तो हलकेच उलटे करतो. हे उलटलेले पान वाऱ्याने उलटलेले नसते. ते वाचणाऱ्यासाठी उलटलेले असते.

या पद्धतीवर जो आक्षेप नेहमी घेतला जातो तो असा की, वनस्पतीला तिच्या भूमीपासून तोडले की ती मेली. आक्षेप सयुक्तिक आहे, पण दापुरीच्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही. वनस्पतिउद्यान म्हणजेच मुळी भूमीपासून तोडलेल्या वनस्पतींचे गाव. दापुरीत केवळ सह्याद्रीतील झाडे नव्हती. दूरदूरच्या खंडांतून बियांच्या पुडक्यांतून आणि रोपांच्या पेट्यांतून आलेल्या वनस्पतींचाही तेथे मोठा भरणा होता. अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील एखादी वेल पवनेच्या काठावरील वाफ्यात फुलली तर चित्रकाराने तिच्यामागे कोणते डोंगर रंगवावे? तिचे डोंगर त्याने पाहिलेले नव्हते. आणि मागे दिसणारी दख्खनची टेकडी तिची नव्हती. अशा वनस्पतीभोवती कागद कोरा सोडणे हेच सत्याला धरून होते. किंबहुना, त्या कोऱ्या जागेत बागेचे खरे स्वरूप जितके प्रामाणिकपणे उमटले आहे तितके ते एखाद्या रम्य देखाव्यात उमटले नसते. हा प्रामाणिकपणा चित्रकाराने जाणून ठेवला की केवळ आज्ञा म्हणून पाळला, हे ठरवण्याची आवश्यकता नाही. चित्राचे मूल्य चित्रावरून ठरते.

येथल्या मातीतल्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र कोरा कागद उणा पडतो. सह्याद्रीतील कारवीचे उदाहरण घ्यावे. तिचे एक फूल, एक फांदी, पानांच्या जोड्या यांचे कितीही निर्दोष चित्र काढले तरी कारवी म्हणजे काय ते त्यातून कळत नाही. ती सर्वसाधारणपणे सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलते तेव्हा एकटी फुलत नाही. डोंगराची सबंध उतरण एकाच हंगामात जांभळी होते. हे सामूहिक फुलणे हा तिचा स्वभावधर्म आहे आणि तो फांदीत नाही, उतरणीत आहे. सारणीत बसणार नाही अशी ही वाक्यरचना आहे.

उतरण दाखवण्याचा ध्यास घेतलेली व्यक्ती म्हणून मॅरिॲन नॉर्थ हिचे नाव येथे घ्यावे लागते. १८३० मध्ये हेस्टिंग्ज येथे जन्मलेल्या या इंग्रज स्त्रीने वडिलांच्या मृत्यूनंतर, वयाच्या चाळिशीत, जगाच्या उष्ण प्रदेशांचा प्रवास आरंभला आणि जेथे वनस्पती उगवते तेथेच बसून तैलरंगांत ती रंगवण्याचा क्रम शेवटपर्यंत चालवला. जमेका, ब्राझील, जपान, बोर्निओ, जावा, सिलोन असे देश तिने पाहिले. १८७७ च्या अखेरीपासून १८७९ च्या आरंभापर्यंत ती हिंदुस्थानात होती. तिची आठशेंहून अधिक चित्रे लंडननजीक क्यू येथील उद्यानात एका स्वतंत्र दालनात आहेत. हे दालन १८८२ मध्ये उघडले. त्याचा आराखडा जेम्स फर्ग्युसन याचा. पश्चिम भारतातील लेण्यांच्या अभ्यासकाला हे नाव निराळे सांगावयास नको. चित्रे देशवार, चौकटीला चौकट भिडवून, भिंत दिसू नये अशी लावलेली आहेत आणि त्यांच्याखाली २४६ प्रकारच्या लाकडांच्या फळ्या बसवल्या आहेत. पाहणाऱ्यांना तेथे चहा-कॉफी मिळावी अशी तिची इच्छा होती, ती अधिकाऱ्यांनी मानली नाही. तेव्हा तिने दारांवर चहाची आणि कॉफीची रोपे रंगवून ठेवली. विनोदातही ती वनस्पती सोडत नाही.

नॉर्थला वनस्पतिचित्रकार म्हणावे की भूदृश्यकार, यावर मतभेद होऊ शकतो. तिच्या बऱ्याच चित्रांची बांधणी ठरावीक आहे: अगदी पुढे, डोळ्यांना भिडावे इतक्या जवळ, एक फुललेली फांदी, मागे, फार लांब, लहानसा डोंगर, तळे वा वाट. मधला प्रदेश बहुधा गाळलेला असतो. जवळचे अतिजवळ आणि दूरचे अतिदूर, अशी ही उडी आहे. यात भूदृश्यकाराचा एक मोठा दोष दडलेला आहे. मधली भूमी नाही म्हणजे पुढची फांदी मागच्या डोंगरावर उगवली आहे असा विश्वास बसत नाही. डोंगर नाटकातल्या पडद्यासारखा मागे टांगलेला राहतो. रंगांच्या भडकपणाबद्दल तिच्यावर टीका होते ती त्या मानाने गौण आहे. उष्ण कटिबंधातील दुपार ज्याने पाहिली आहे त्याला तिचे हिरवे आणि लाल अतिशयोक्त वाटण्याचे कारण नाही. ते धुक्याच्या देशातील डोळ्यांना तसे वाटले. परंतु जेथे ती पडदा टांगण्याचा मोह आवरते, जेथे झाडाचे बुंधे, त्यांवरील वेली आणि खालचा पाचोळा यांतच ती गुंतून राहते, तेथे तिच्या हातून जे उतरते ते दापुरीच्या चित्रकाराला त्याच्या कागदावर साधणे शक्य नव्हते. वनस्पती कोणाच्या शेजारी राहते, कोणाच्या आधाराने चढते, कोणाच्या सावलीत खुरटते, हे शेजारधर्माचे ज्ञान तिच्या चित्रांत आहे. शब्दाचा अर्थ कोशात पाहावा आणि त्याचे वजन वाक्यात पाहावे, तसा हा भेद आहे. रेखेच्या शिस्तीत दापुरीच्या परंपरेचा चित्रकार श्रेष्ठ. साक्षीदार म्हणून नॉर्थ अधिक विश्वासार्ह, असा निर्णय द्यावा लागतो, आणि दोहोंतील एकाचीच निवड करण्याचा आग्रह कोणी धरू नये.

नॉर्थच्या साक्षीचे शास्त्रीय मोलही सिद्ध झालेले आहे. सारावाकमध्ये तिने रंगवलेली कलशासारख्या पानांची एक कीटकभक्षी वनस्पती शास्त्राला अज्ञात होती. चित्र पाहून इंग्लंडमधील एका रोपवाटिकेने तिच्या शोधार्थ माणूस पाठवला, नमुना मिळाला आणि १८८१ मध्ये तिला 'नेपेंथिस नॉर्थियाना' असे नाव मिळाले. चित्र आधी, नमुना नंतर आणि नाव शेवटी, हा क्रम वनस्पतिशास्त्राच्या नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे. शिवाय ते नाव चित्रकर्तीचे आहे. सेशेल्स बेटांवरील एका वृक्षाच्या प्रजातीसही तिचेच नाव आहे.

येथे दापुरीच्या चित्रकाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्याच्या चित्रांतील प्रत्येक वनस्पतीला लॅटिन नाव मिळाले, त्या नावाच्या शेपटाला नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव लागले, संग्रहाला बागेचे नाव आणि ग्रंथाच्या शीर्षकात गिब्सनचेही नाव आले. फक्त काढणाऱ्याचे नाव कोठे नाही. त्या काळी हिंदी चित्रकारांची नावे नोंदण्याची रीतच नव्हती, असे समर्थन केले जाते; ते पुरेसे नाही. त्याच पिढीत मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट हा शल्यवैद्य रंगय्या आणि गोविंदू या दोन चित्रकारांकडून काम करून घेत होता. त्याने त्यांची नावे छापील चित्रांवर घातली, इतकेच नव्हे तर आमरीच्या कुळातील एका प्रजातीला 'गोविंदूइया' असे नाव दिले. ती प्रजाती पुढे दुसरीत विलीन झाली, पण गोविंदू इतिहासातून पुसला गेला नाही. म्हणजे नाव नोंदणे शक्य होते. दापुरीस ते झाले नाही. एखाद्या मनुष्याच्या हाताची सवय, त्याची पानाची शीर काढण्याची लकब, हिरव्यात निळा मिसळण्याचे त्याचे प्रमाण एवढे सारे १७० कागदांवर टिकावे आणि त्याचे नाव तेवढे हरवावे, ही स्थिती विचित्र आहे. कोकणी की पोर्तुगीज की मराठी, कोणत्या भाषेत तो झाडांना हाक मारीत होता, हा प्रश्नही त्याच्या नावाबरोबर बुडाला.

आणि हाक मारण्याचा प्रश्न लहान नाही. नॉर्थ हिंदुस्थानात असताना तंजावर येथे आर्थर कोक बर्नेल या न्यायाधीशाशी तिची भेट झाली. बर्नेल भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन कारणांनी परिचित आहे: दक्षिण भारतीय लिपिशास्त्रावरील १८७४ चा त्याचा ग्रंथ आणि हेन्री यूल याच्या सहकार्याने सिद्ध झालेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश. मराठी वाचकाला तिसरेही कारण आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची त्याने केली आणि ती १८८० मध्ये पूर्ण झाली. दुसऱ्या सरफोजी राजाने जेथे वैद्यक आणि निसर्गविद्या यांची हौसेने जोपासना केली त्याच वाड्यातील पोथ्या चाळीत असलेला हा पंडित आणि झाडे रंगवीत हिंडणारी ही स्त्री यांनी मिळून एक संकल्प केला: हिंदूंच्या पवित्र वनस्पती तिने रंगवाव्या आणि त्याने त्यांच्याविषयी लिहावे. तिने चित्रे काढली, दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. पण १८८२ मध्ये बर्नेल वारला आणि ग्रंथ झाला नाही. 'हॉब्सन-जॉब्सन' १८८६ मध्ये यूलने पूर्ण केला, त्यात शब्द आले. क्यूच्या दालनात चित्रे राहिली. तुळस, पिंपळ, वड यांची चित्रे आणि त्यांच्या नावांचा शब्देतिहास एका पृष्ठावर आला असता तर कोशविद्येला काय लाभ झाला असता याची कल्पना त्या कोशातील व्युत्पत्तींचा बारकावा पाहिला म्हणजे येते. नॉर्थच्या चित्रांची सूची हेम्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने केली आहे. ती लॅटिनच्या अंगाने निर्दोष असली तरी बर्नेलची जागा भरून काढीत नाही.

जे तंजावरास राहून गेले ते दोनशे वर्षे आधी कोचीनला होऊन गेले होते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने सिद्ध करविलेला 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. सातशेंहून अधिक वनस्पतींची ताम्रपटांवर कोरलेली चित्रे त्यात आहेत. चित्रकारांची नावेही नोंदलेली आहेत. मराठी-कोकणीच्या अभ्यासकाला महत्त्वाचे ते असे की, चित्रांवर मलयाळम आणि अरबी यांच्या जोडीला नागरी अक्षरांत कोकणी नावे कोरलेली आहेत. त्या नावांची जबाबदारी रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांवर होती, आणि त्यांचे १६७५ सालचे नागरीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्या अक्षरांचे वळण कोरणाऱ्या डच कारागिराला ती वाचता येत नव्हती हे उघड करते. तरी नाव चित्राला चिकटून राहिले, आणि चित्रामुळेच कोणत्या झाडाचे ते नाव हे आजही निश्चित सांगता येते. कलादृष्ट्या ही कोरीव चित्रे दापुरीच्या जलरंगांहून कोरडी आहेत. भाषादृष्ट्या ती कितीतरी श्रीमंत आहेत.

आता दापुरीच्या आसपासचा काळ पाहावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. गिब्सन आणि डाल्झेल यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चा. दापुरीची चित्रे १८४७ ते १८५० मधील. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत, एकाच इलाख्यात, एकाच सरकारच्या छत्राखाली मराठी शब्दांचा संग्रह झाला, वनस्पतींचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यांची चित्रेही झाली. यांतील दोन कामांत तर एकच माणूस होता. तरी वर्णनाचा ग्रंथ चित्रांवाचून निघाला, कोश चित्रांवाचून निघाला आणि चित्रे समुद्रापार गेली. मोल्सवर्थच्या कोशात कित्येक वनस्पतींना लॅटिन प्रतिशब्द आहेत, पण कित्येक ठिकाणी केवळ एका झाडाचे नाव, एवढाच अर्थ आहे. हा दोष त्याच्यापुरता राहिला नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तही 'एक झाड', 'एक वनस्पति', 'एक प्रकारचे गवत' असे अर्थ वाचकाला पुन्हा पुन्हा भेटतात. कोशकारांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे शब्द होता, वस्तू नव्हती. ज्या शब्दाचा अर्थ 'एक झाड' एवढाच उरतो तो शब्द कोशात जिवंत दिसला तरी त्याची ओळख गेलेली असते. एकाच नावाने देशावर एक झाड आणि कोकणात दुसरेच झाड ओळखले जाते तेव्हा तर वाचक पूर्णपणे अंधारात राहतो. एक चित्र हा अंधार दूर करू शकते. उलट बाजूस, मराठी शब्द लॅटिनमध्ये गेल्याची उदाहरणे आहेत: कारवीवरून ब्रेमेकांप याने १९४४ मध्ये 'कार्व्हिया' ही प्रजाती कल्पिली. म्हणजे शास्त्राला मराठी नाव घेता आले. मराठीला शास्त्राचे चित्र घेता आले नाही.

सोलापुरात बसून या सर्वांचा विचार करताना एक उणीव अधिक तीव्रतेने जाणवते. दापुरीचा चित्रकार बागेत बसला. नॉर्थला दाट अरण्य, प्रचंड वृक्ष आणि मोठाली फुले यांची ओढ होती. दोघांच्याही अभिरुचीत कोरड्या माळाला जागा नव्हती. उष्ण कटिबंध म्हटले की डोळ्यांपुढे ताड-माड आणि वेलींची गर्दी उभी राहते ती बऱ्याच अंशी अशा चित्रांनी घडवलेली आहे. वास्तविक सोलापूरचा माळही उष्ण कटिबंधातच येतो. हिवर, तरवड, बोर, बाभूळ आणि त्यांच्या मधून पसरलेली मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी ही गवते, हे येथील वनस्पतिजीवन. महसुली दप्तरात याला 'पडीक' म्हणण्याची रीत पडली, आणि जे पडीक ते कोणत्याही उपयोगाला देण्यास मोकळे. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, पण ते पक्ष्याच्या नावाने. गवताचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. ज्याचे चित्र नाही त्याला रूप नाही आणि ज्याला रूप नाही ते रिकामे, अशी दृष्टीची सवय होऊन बसते. मेंढपाळाला मारवेल आणि शेडा यांतील भेद दुरून कळतो. तो कोशात 'एक प्रकारचे गवत' होतो.

गवत हे वनस्पतिचित्रकाराच्या कसोटीचे स्थान आहे. कोऱ्या कागदावर एक ठोंब काढला तर कणसाची रचना, पात्याची धार, पेऱ्यावरील लव हे सारे दाखवता येते आणि दापुरीच्या परंपरेने ते उत्तम दाखवले असते. नॉर्थच्या पद्धतीने माळ रंगवला तर पावसाळ्यानंतरचे तांबूस होत जाणारे गवत आणि त्यावरचे विस्तीर्ण आकाश येईल, पण कोणते गवत ते कळणार नाही. दोन्ही पद्धतींचा मेळ कोठे घालावा लागतो ते कुसळीच्या एका दाण्यावरून स्पष्ट होते. तिच्या दाण्याला टोकदार बूड आणि लांब, पिळदार शेपूट असते. तेच कुसळ. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ' दाखवणारी म्हण मराठीत रोजच्या वापरात आहे, पण ती वापरणाऱ्या शहरी माणसाने कुसळ पाहिलेले असतेच असे नाही. सुकलेल्या शेपटाचा पीळ आवळलेला असतो; दव पडले, पाऊस शिंपडला की तो सुटू लागतो, ऊन पडले की पुन्हा आवळतो आणि या फिरण्याने दाण्याचे टोक हळूहळू जमिनीत शिरते. धोतराच्या काठाला वा मेंढीच्या लोकरीला लागलेले कुसळ कातडीपर्यंत पोचते तेही याच युक्तीने. हा पीळ कोऱ्या कागदावर काढला तर तो निव्वळ अलंकार दिसेल. त्याचे प्रयोजन दाखवावयाचे तर कागदाच्या तळाशी बोटभर माती काढावी लागेल, दाण्याचे टोक तिच्यात अर्धे बुडालेले दाखवावे लागेल, शेजारी पीळ सुटलेला आणि आवळलेला अशा दोन्ही अवस्था मांडाव्या लागतील आणि खाली नागरीत, मेंढपाळ उच्चारतो त्याच रूपात, नाव लिहावे लागेल. त्या नावाच्या शेजारी काढणाऱ्याचेही.